मधला लाल ठिपका

१९ जुलै

आज पंख चिकटवले. म्हणजे मी चिकटवले. गोपाल खुर्चीत बसून "नाई" म्हणत होता.

अर्धांगवायूनंतर त्याच्याकडे हा एकच शब्द उरलाय. चहा हवा? नाई. दुखतंय? नाई. भूक? नाई — आणि मग सगळं ताट संपवतो! चंद्रपूरचे डॉक्टर म्हणाले, "होतं असं, बाई. एखादाच शब्द राहतो. अर्थ तुम्ही लावायचा." वा! इतकी वर्षं तेच करतेय. त्याच्याकडे सगळे शब्द होते तेव्हाही माझ्या वाट्याला हाच यायचा. शाळेत नोकरी धरू? नाई. आईकडे राहून येऊ? नाई.

२३ जुलै

महायुद्धातल्या हरिकेन विमानाचं प्लास्टिकचं मॉडेल. पंख पसरले की हातापेक्षा लांब. शेकडो तुकडे. ऑर्डनन्स फॅक्टरीत असतानाच त्यानं हे खोकं आणून कपाटावर ठेवलं होतं, रिटायर झाल्यावर करीन म्हणून. सासरे तरुणपणी ब्रह्मदेशाच्या सीमेवर अशाच विमानांवर मेकॅनिक होते. बापाचं विमान करायचं होतं त्याला. मी खोकं पुसायला काढलं तरी ओरडायचा, "ठेवा मेमसाब! हे भरतकाम नाई!"

आता उजवा हात मेला. भरतकामवालीच करतेय.

का करतेय? कपाटावरची त्याची नजर हलत नव्हती म्हणून. मूर्ख बाई.

२ ऑगस्ट

हिरवे आणि मातकट पट्टे रंगवले. रंग वाळायला खिडकी उघडी ठेवली, तर पंखांवर कोळशाची धूळ! कोळसाखाणींच्या भद्रावतीत राहून हे विसरावं मी? सगळं घासलं, पुन्हा रंग दिला.

कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर आम्हाला बशा रंगवायला शिकवायच्या. "श्वास सोडताना ब्रश टेकव, बाळ." तसाच टेकवला. कड अशी सुरेख आली! सिस्टर असत्या तर गालावर टिचकी मारली असती.

ह्यानं पाहिलं. "नाई."

११ ऑगस्ट

नाई. नाई. नाई. आज रेडिओचा आवाज वाढवला.

२० ऑगस्ट

लग्न नवं होतं तेव्हा हा प्रत्येक वाक्याला शेपूट लावायचा. विजासनच्या लेण्यांपाशी बसलो होतो, ऊन उतरलेलं. म्हणाला, "मस्त हाय, नाई?" भाजी झकास, नाई? पाऊस येते आज, नाई? मला हसू यायचं. चिडवायचेसुद्धा.

पुढे वाक्यं गेली. प्रश्न गेला. नुसतं नाई राहिलं.

६ सप्टेंबर, हरतालिका

लिहू नये असं वाटतंय. लिहितेच.

आज पंखांवर हवाईदलाच्या गोल खुणा उठवल्या. खोक्यात दोन तऱ्हेच्या होत्या. एक नुसती निळी, कडेला गडद नि आत फिकट; एक निळी-पांढरी आणि मध्ये लाल. मी लालवाली घेतली. किती सुंदर दिसते! त्याला दाखवायला वाकले. "नाई! नाई!" डाव्या हाताची मूठ पंखावर आपटली. मग तोच हात वर केला, माझ्या कपाळावरची टिकली नखानं खरवडून काढली आणि फेकली.

त्याच्यासाठी सकाळपासून पाणीसुद्धा प्यायले नव्हते मी.

शेजारची चंदाबाई पूजेला बोलवायला दारातच उभी. "अवं माय! जित्या नवऱ्यानं कुकू काढलं? आन् आजच्या दिवशी?" संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं.

वांग्याची भाजी केली. भात केला. पोटभर जेवले.

८ सप्टेंबर

विमानावर जुना टॉवेल टाकलाय. बघू दे टॉवेलकडे.

१५ सप्टेंबर

त्याचा धाकटा भाऊ डोमा नागभीडहून भेटायला आला. बसायच्या आधी टॉवेल उचलला आणि हसत सुटला.

"वहिनी, हे लाल काऊन केलं वो? दादानं बोंब नाई मारली?"

"तो दुसरं काय करतो, भाऊजी?"

"अवं, बाबा सांगे ना! जपान्याच्या इमानावर लाल गोळा राहे. घाईत आपलाच मानूस आपल्याच इमानाले पाडन, म्हनून आपल्या इमानावरचा मधला लाल काढून टाकला. बाबानंच ब्रश फिरवला त्याच्यावर. आमाले सांगे, 'म्या इमानाची टिकली काढली रे पोट्टेहो!'"

टिकली!

मी गोपालकडे वळले. त्याच्या वाकड्या गालावरून पाणी ओघळत होतं. मग मलाही आवरेना. भाऊजी बावरून म्हणाले, "मी च्या मांडतो, वहिनी. साखर कुठी हाय?"

१८ सप्टेंबर

पांढऱ्या-लालवर फिकट निळा चढवला. दोनदा. विमान त्याच्या मांडीवर ठेवलं. डावा अंगठा त्यानं पंखावरून हळूहळू फिरवला. मग माझ्याकडे बघून —

"नाई?"

शेवट वर उचललेला. शेपूट!

"मस्त आहे," मी म्हटलं. "खूप मस्त आहे."

ह्या दोन महिन्यांत कितीदा त्यानं असंच विचारलं असेल, आणि मी नकार ऐकत बसले?

२ ऑक्टोबर

गोपाल परवा पहाटे गेला. चंदाबाई चारजणींना घेऊन आली, कुंकू पुसायला. "कपाळ इकडं कर वं बाई."

मी म्हटलं, "नाई."