रानमुगाच्या पानांवरचे ठिपके

कर्वेनगर, पुणे
१९ ऑक्टोबर २०२३

प्रिय सरूताई,

साष्टांग नमस्कार. गुडघ्यांमुळे आता तो कागदावरच घालता येतो, चालवून घे. भाऊजींची कवळी बसली का? तुझा दमा कसा आहे, पंप रोज लागतो का? आमची लिफ्ट दुरुस्त झाली, म्हणजे तसा फलक तरी लागलाय.

माझ्या शेजारचा फ्लॅट दसऱ्याला पक्का करायचा म्हणून तू पडदेसुद्धा निवडलेस म्हणे. फिकट निळे. छानच दिसतील गं. भिंतीला भिंत लावून राहायचं हे आपलं लग्नाआधीपासूनचं वेड. हे गेल्यापासून तर मला घर खायला उठतं.

परवा मागच्या टेकडीवर जाऊन आले. तू आलीस की आपण ज्या उतारावर कवळ्याची भाजी खुडायचो ना, तिथे कवळा औषधालाही उरला नाही. रानमूग आहे, पण खुरटलेला, शेंगाच नाहीत. पानं बघून जीव तुटला. शिरा हिरव्या आणि मधे सगळीकडे बारीक तपकिरी ठिपके, फोडणी उडाल्यासारखे. बाकी नुसतं कुसळी गवत माजलंय.

मला वाटलं, कीड पडली. पान खालच्या मंदाकिनीबाईंना दाखवलं. त्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. म्हणाल्या, "कीड कसली हो, हा ओझोन." गाड्यांचा धूर कडक उन्हात तापला की हा विषारी वायू जमिनीलगतच तयार होतो म्हणे. नाजूक रोपं आधी जातात, गवत तग धरतं.

"अहो, पण टेकडीवर गाड्या कुठे आहेत?"

"म्हणून तर! भर रहदारीत ताजा धूरच त्याला खाऊन टाकतो. वाऱ्याबरोबर इकडे आला की त्याला खायला कुणी नाही."

त्यांच्या विद्यार्थ्यांनी वर ओझोन मोजायचं यंत्र लावलंय. दुपारी इथला आकडा तुमच्या बुधवार पेठेच्याही वर जातो. आणि मी मेली इतकी वर्षं तुला ऐकवतेय, इथली हवा म्हणजे औषध!

दम्याच्या माणसाचं काय, असं विचारलं तर म्हणाल्या, त्यालाच हा सगळ्यात आधी बाधतो. मग मलाच विचारलं, "तुमचा खोकला कधीपासून आहे?"

उन्हाळ्यापासून आहे, ताई. तुला सांगितलं नाही. फोनवर ढास लागली की कुकरचं निमित्त करून ठेवून द्यायचे.

तुमच्याकडे अमृत वाहतंय असं नाही. पण तिथे तू खिडक्या लावून, नाकाला पदर लावून बसतेस. इथे निळं आभाळ बघून सगळं सताड उघडशील आणि भरदुपारी गॅलरीत बसशील. मी ओळखते ना तुला.

हे फोनवर जमलं नसतं. तुझा आवाज ऐकून "ये" म्हणून बसले असते. तेव्हा फ्लॅटच्या मालकाला नाही म्हणून कळव. माझ्यावर रागाव, वर्षभर बोलू नकोस, पण इथे राहायला येऊ नकोस.

तुझीच, आणि तरीही रोज तुझी वाट बघणारी,
पद्मी