दांडा, दगड आणि बाबा

२ जून
मेले! दोन्ही खांदे सोलवटले. बेटावरच्या हेइवा उत्सवातल्या शर्यती सहा आठवड्यांवर. खांद्यावरच्या दांड्याच्या दोन्ही टोकांना केळीचे घड, तारोचे कंद बांधून वीस किलो घेऊन अनवाणी धावायचं. यंदा दगड उचलायलाही नाव दिलंय. कुणी सांगितलं होतं!

घरी येऊन बाबांना पलंगावरून न्हाणीत न्यायचं. लकव्यानं त्यांची एक बाजू गेली. हा माझा तिसरा व्यायाम, आणि सगळ्यात अवघड. दांडा निदान पावलाला लय देतो, दगड गप्प असतो. बाबा मात्र, "अगं हळू! मी काय तारो आहे?"

९ जून
नाचाच्या सवयीनं अंगाला तेल चोपडून दगडावर गेले. साठ किलो छातीवरून सटकन खाली! पाय थोडक्यात वाचला. सोबत सराव करणारी तेहानी म्हणते, "दगड उचलायला आलीस की तळायला?"

१५ जून
धाकटा भाऊ मनुताही पापीते शहरातून आला. बाबांच्या पलंगाशीच उभा राहून म्हणाला, "ताई, कंबर मोडेल तुझी. उचलवत नसतील तर तिकडच्या वृद्धाश्रमात ठेवू." मी म्हटलं, "ज्या दिवशी उचलवणार नाहीत, त्या दिवशी सांगेन." बाबा खिडकीकडे तोंड करून पडले होते. झोपले असावेत.

१६ जून
कंबर. लिहवत नाही.

२८ जून
नवलच! दगड अजून छातीच्या वर येत नाही, दांडा तितकाच काचतो, पण बाबा हलके वाटायला लागलेत. ताकद आली म्हणायची! त्यांना सांगितलं तर खूश. "मग! पोरगी कुणाची?" मग त्यांच्या जुन्या शर्यतींच्या गोष्टी. काही लेकाचे शर्यतीआधी ओझ्याचं वजन झाल्यावर घडातली आतली केळी गुपचूप काढायचे म्हणे. "मी उभ्या जन्मात एक केळं काढलं नाही."

६ जुलै
रडू येईल इतकी दमलेय. तरी आज बाबांना एका दमात उचललं. मनुताहीला फोन केला, आश्रम विसर.

९ जुलै
बाबांच्या खिडकीखाली बांधलेलं डुक्कर भलतंच लठ्ठ झालंय. सकाळी तिथे झाडत होते. वरून माझ्या पायाशी उकडलेलं केळं पडलं. मग दुसरं. मग नारळाच्या दुधातला मासा, अख्खा, मी नुकताच वाढलेला.
उभ्या जन्मात एक केळं न काढलेला माझा बाप!