कठडा आणि तबक

६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास ताईचे मनभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. खोकला गेला म्हणतोस, पण छापखान्यातली ती शाईची हवा काही गेलेली नाही. खिडकी उघडी ठेवत जा. थोरल्या बहिणीचं एवढं ऐकलंस तर तुझं काही बिघडणार नाही.

इथली मोठी बातमी म्हणजे आमची मंडळी आणि बाबांची मंडळी एक होणार. आमच्या चर्चचं छप्पर दुरुस्तीपलीकडे गेलंय आणि बाबांच्या चर्चला उपासना चालवायला कधीपासून पाळक नाही. आमच्याकडे पाळक, त्यांच्याकडे छप्पर. शहाण्या माणसांना हे केव्हाच सुचायला हवं होतं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी बाबांच्या चर्चमध्ये सगळ्यांची मिळून उपासना आहे.

गाडी अडली ती प्रभुभोजनावर. आम्ही उठून पुढे जातो, कठड्याशी गुडघे टेकतो आणि पाळकांच्या हातून एकाच प्याल्यातून द्राक्षरस घेतो. बाबांकडे सगळे बाकावर बसून राहतात आणि मंडळीचे पंच, म्हणजे बाबा आणि इतर वडीलधारे, छोट्या छोट्या प्याल्यांचं तबक घेऊन फिरतात. शेवटी ठरलं, की ज्याला जसं हवं तसं त्यानं घ्यावं.

तुला माहीत नसलेलं एक सांगते. आई गेली त्यानंतरच्या रविवारी मी बाबांच्या चर्चमध्ये तिच्या जागेवर जाऊन बसले होते. बाबा तबक घेऊन आले, माझ्यापुढे क्षणभर थांबले आणि शेजारच्या बाईकडे वळले. मी दुसऱ्या मंडळीत लग्न करून गेलेली, म्हणजे त्यांच्या नियमानं परकी, आणि परक्यांना प्रभुभोजन द्यायचं नाही. घरी ते मला आग्रहानं वाढतात, औषधं आणायला सांगतात. पण त्या तबकाबद्दल ना ते कधी बोलले, ना मी.

आता नियम बदललाय म्हणे. पण तबक बाबांच्याच हातात असणार. पुन्हा तसंच झालं, तर मी त्या चर्चची पायरी चढणार नाही. मग मंडळ्या एक होवोत नाहीतर चार. आमचे हे ऑर्गन वाजवायला जातील, मी घरी बसेन.

जेवणाची हयगय करू नकोस. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी ताई

१४ फेब्रुवारी

ती. ताईस धाकट्याचा सप्रेम सलाम. वि. वि.

खिडकी उघडी ठेवली. आता कागद उडतात आणि मालक ओरडतात. त्यांना तुझा पत्ता देऊन ठेवलाय.

तबकाचं वाचून जेवण गेलं नाही. इतकी वर्षं तू हे पोटात ठेवलंस आणि मला दर पत्रात खोकल्याचं विचारत राहिलीस. बाबांचा मला राग आला. त्यांना तसं पत्रही टाकलं, जरा कडकच.

पण एक विचारतो, चिडू नकोस. ते क्षणभर थांबले, असं तूच लिहितेस. ज्याला काहीच वाटत नाही तो माणूस कशाला थांबेल? तू जाऊन त्यांच्याशी बोलत का नाहीस? दोन गल्ल्या तर ओलांडायच्या. पण नाही, तुम्ही दोघं एकाच मुशीतले. एक हट्टानं गप्प, दुसरी मानानं गप्प.

भावोजींना सांग, ऑर्गन जरा बेतानं वाजवा. बाबांच्या मंडळीला वाद्याशिवाय गायची सवय आहे, म्हातारी माणसं दचकतील. लोभाची ओढ दोन्हीकडून राहू दे.

तुझा धाकटा

२३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास बाबांचे अनेक आशीर्वाद.

तुझं उपदेशाचं पत्र पोचलं. छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढायची सवय लागली, की घरच्यांच्याही दिसायला लागतात.

मंडळ्या एक करायच्या ठरावाला मीही हात वर केला आहे, ते आधी ऐक. आता पाहुण्यांना गुडघे टेकायला कठडा हवा आणि सुतार मीच. उंची किती ठेवावी कळेना, म्हणून स्वतः गुडघे टेकून पाहिलं. उठताना टेबल धरावं लागलं. वरची कड गोल करून घेतली आहे. तुझ्या बहिणीचे गुडघे तिच्या आईसारखेच दुखतात, म्हणून खालची गादी जाड भरली. हे तिला कळवायचं कारण नाही.

तबकाचं विचारलंस. नियम आता बदलला, पण हात जुनेच आहेत. ते काय करतील ते मला आज सांगता येत नाही. तशी वेळ येणार नाही. ती आपल्या लोकांबरोबर कठड्याशी जाईल आणि पाळक तिला देतील. बरं आहे ते.

पैसे पाठवू नकोस, मला लागत नाहीत. प्रकृतीस जप आणि आमची आठवण असू दे.

तुझे बाबा

५ मार्च

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद. वि. वि.

तू इथे हवा होतास रे.

आमच्या पाळकांनी आम्हाला बजावलं होतं, की आपण दुसऱ्याच्या घरी चाललोय, तर त्यांच्यासारखं बसून घ्यायचं. तिकडे बाबांच्या मंडळीतल्या बायकांनी आपापसांत ठरवलं, की पाहुण्यांचा मान राखायचा, पुढे जाऊन गुडघे टेकायचे. एकमेकांना सांगायचं मात्र कुणालाच सुचलं नाही. वेळ आली तशी बाबांची सगळी मंडळी उठून कठड्याशी गेली आणि आम्ही सगळे बाकावर हाताची घडी घालून बसलेलो. त्यांच्यातला जाड्या शिंपी उभ्या जन्मात गुडघे टेकलेला नाही, तो टेकला तो उठेचना. दोघांनी काखेत हात घालून उचलला. ह्यांनी ऑर्गनवर तेच गीत तीनदा वाजवलं. हसू दाबता दाबता माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि बाबा भरलेलं तबक घेऊन उभे. समोर त्यांचं एकही माणूस नाही, सगळी आमचीच. पाळकांनी मान हलवली, तसे ते मागच्या बाकापासून देत निघाले. मी खिडकीजवळ होते. ते जवळ येऊ लागले तसं माझं हसू कुठल्या कुठे गेलं. उठून जावं असं वाटलं. पण बसून राहिले.

ते माझ्यापुढे आले आणि थांबले. त्यांनी तबक माझ्यापुढे खाली धरलं. मी वर पाहिलंच नाही. मग ते अगदी हळू म्हणाले, "जरा जास्त भरलाय. सांडू नकोस."

मी घेतला. सांडला नाही. रडले मात्र, लपवत नाही तुझ्यापासून.

तुला बाबांची शिस्त ठाऊक आहे. तबक फिरवणाऱ्यानं सगळ्यांचं झाल्यावर, पुढे जाऊन, सगळ्यांत शेवटी घ्यायचं. आजवर त्यांनी कुणाला त्यात सूट दिली नाही. पण पुढचे चार बाक तसेच ताटकळत असताना ते माझ्या शेजारी खाली बसले, तबक मांडीवर ठेवलं, आणि आपला प्याला उचलून माझ्याबरोबर घेतला.

जीव तुझ्यापाशी आहेच. इकडची ओढ कमी होऊ देऊ नकोस.

तुझी ताई