शहाजिरं जळलं तो दिवस

आत्याबाई, तो मसाला तुम्ही जाळला नव्हता, मी जाळला होता. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे. तोंडातून तर अजून कुणासमोर काढलेलं नाही. तुमच्या लेकाला सांगायला माझ्याकडे दहा वर्षं होती, तेव्हा सांगितलं नाही. आता तेही नाहीत. चार वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर गेले. जाईपर्यंत त्यांची समजूत हीच होती की आईचा हात म्हातारपणी बिघडला.

तुमच्या हाताचा मसाला पाच घरांत जायचा. आपलं घर, दोन्ही नणंदांची घरं, तुमच्या भावाचं सिन्नरकडचं घर आणि शेजारच्या मास्तरीणबाई. एप्रिल लागला की तुम्ही मला घेऊन भद्रकालीच्या बाजारात जायच्या. दुकानदार मूठभर धणे पुढे करायचा, तुम्ही ते तळहातावर चोळायच्या आणि नाकाशी नेऊन म्हणायच्या, "हे मागच्या सालचं हाय. आतलं दाखव." तो हसत आत जायचा. मिरच्या आठ दिवस गच्चीवर वाळायच्या, मग देठं काढायची, खोबऱ्याचे काप करायचे. भाजायचा दिवस ठरला की सातपूरच्या आपल्या त्या दोन खोल्यांत सकाळपासून ठसका उठायचा. एकेक जिन्नस वेगळा, लोखंडी कढईत, चमचाभर तेलावर. सगळं गार झालं की गिरणीतल्या डंखावर कांडायला न्यायचं. तिथे आपला नंबर आला की तुम्ही आधी आपलेच दोन मुठी धणे कांडून घ्यायच्या आणि ते टाकून द्यायच्या. आधीच्या बाईचा मसाला डंखाला चिकटलेला असतो, तो आपल्यात यायला नको म्हणून. मला ते वाया घालवणं वाटायचं. आणखी एक नेम होता तुमचा: भाजताना तोंडात काही घालायचं नाही. नव्या मसाल्याची पहिली भाजी देवाला, मग माणसांना. हा नेम नसता तर बरं झालं असतं, असं मला पुढे फार वेळा वाटलं.

मी सातवीपर्यंत शिकलेली. नांदगावला आमच्या घरी पुस्तक असं नव्हतंच. वाचायची सवय लागली ती वाण्याच्या पुड्यांवर. साखर डब्यात ओतली की कागद सरळ करून वाचायचा, अर्धी बातमी, अर्धी गोष्ट, जे असेल ते. लग्नानंतरही ते सुटलं नाही. तुम्ही बघायच्या आणि म्हणायच्या, "जिरं सांडलं तरी चालंल बाई, कागद नको फाटायला." शेजारणीला सांगायच्या, "आमची सून किराणा वाचती." मला राग यायचा. पण वाचनालयात माझं नाव घाला म्हणून लेकाच्या मागे लागलात त्याही तुम्हीच. ते म्हणाले, "घरात कामं काय थोडी आहेत?" तुम्ही म्हणालात, "कामाचं मी बघते. मला एक अक्षर येत नाय. घरात कुणीतरी वाचणारं पाहिजे का नको?" ते कबूल झाले, पण बजावून. कुठे काही करपलं, उतू गेलं, पोरीकडे दुर्लक्ष झालं, तर त्या दिवशी वाचनालय बंद. त्यानंतर आठवड्याला एक पुस्तक घरात यायला लागलं. आतल्या खोलीत उशाशी ते पुस्तक ठेवताना मला किती श्रीमंत वाटायचं, ते तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मसाला जळला त्या वर्षी थंडीत तुम्हाला मोठा ताप आला होता, पंधरा दिवसांचा. त्यातून उठलात आणि एक नवीनच प्रश्न विचारायला लागलात. फोडणी घातली की, "वास आला का गं?" दूध तापत ठेवलं की, "काही वास येतोय का?" मला वाटायचं, माझी परीक्षा चाललीय. लग्नाला दहा वर्षं होऊन गेली तरी आत्याबाईंना मी फोडणीसुद्धा कळत नसलेली पोरच वाटते. मग मी तुटक उत्तर द्यायची. "आला." "येतोय." वर मानही करायची नाही.

भाजायचा दिवस. धणे झालेत, खोबरं झालंय, तीळ, खसखस, सगळं परातीत वेगवेगळं पसरलंय. धणे, खोबरं रंगावर कळतं. पण काळ्या जिनसांना डोळा उपयोगाचा नाही. मिरी, लवंग, दगडफूल, शहाजिरं कच्चं असलं तरी काळं आणि जळलं तरी काळं. ते नाकानेच उतरवायचं. तुम्ही स्टोव्हपाशी बसलेल्या, हातात उलथनं. मी भिंतीला टेकून, आणि मांडीवर खसखशीच्या पुडीचा कागद. त्यावर एका बाईची हकिगत होती, ती घर सोडून बहिणीकडे निघालेली, आणि कागद नेमका ती एसटीत बसते तिथे फाटलेला. उरलेलं मागच्या बाजूला असेल म्हणून मी कागद उलटते आहे.

"आला का गं वास?"

"नाही अजून."

मी नाक वर केलंच नव्हतं. तुम्ही पुन्हा परतायला लागलात. जरा वेळाने पुन्हा, "आता?"

"नाही हो आत्याबाई. आला की सांगते ना."

मग धूर घशाला लागला तेव्हा मी दचकून बघितलं. जळल्याचा वास खोलीभर झाला होता. मी म्हटलं, "उतरवा, उतरवा." तुम्ही पदराने कढई खाली घेतली. शहाजिरं आणि दगडफूल थोडंच असतं म्हणून एकत्र टाकलेलं, दोन्ही गेलेलं. तुम्ही माझ्याकडे बघून विचारलंत, "जास्ती तर नाय ना झालं?" आत्याबाई, त्या वेळी खरं बोलले असते तर काय झालं असतं? फार तर संध्याकाळी पुन्हा बाजारात जावं लागलं असतं. पण माझ्या मांडीवर कागद होता आणि मनात वाचनालय. मी म्हणाले, "नाही. बरोबर झालंय." तुम्ही मान हलवलीत आणि ते परातीत ओतलंत, बाकीच्या सगळ्यावर.

रविवारी नणंदा आपापले डबे घेऊन आल्या. पहिली भाजी वांग्याची. देवाला दाखवून झाली, पानं वाढली. थोरल्या नणंदेने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "अगं आई, वांगी केलीस का कारली?" धाकटी हसायला लागली. मग तिनेही घास घेतला आणि तिचं हसू गेलं. यांनी ताट बाजूला सरकवलं. "कोण भाजत होतं?" मी भाकरी थापत होते, पाठ तुमच्याकडे.

"मीच भाजलं," तुम्ही म्हणालात. "ध्यान नव्हतं माझं. म्हातारी झाले आता."

"आणि ही कुठे होती? वाचत बसली होती का?"

"ती मिरच्या निवडत व्हती गच्चीवर. तिला काय बोलू नको."

मी भाकरी उलटली. एवढंच केलं मी.

मिरच्या तर आठ दिवस आधीच निवडून झाल्या होत्या. म्हणजे तुम्ही कागद पाहिला होता. हे मला त्या क्षणीच कळायला हवं होतं. मी मात्र सुटले म्हणून हलकी झाले होते.

मसाला कुणी नेला नाही असं नाही. डबे भरून नेले, "गूळ घालून वापरू" म्हणाल्या, आणि वापरला नाही. पुढच्या एप्रिलमध्ये थोरली आधीच येऊन सांगून गेली, "आई, यंदा दगदग नको, आम्ही तयार पाकिटं आणतो." तिच्या मनात वाईट नव्हतं. तुम्ही "बरं" म्हणालात. ती गेल्यावर मला म्हणालात, "कढई माळ्यावर टाक. गंजंल इथं." त्या महिन्यात गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांवर मिरच्या होत्या आणि तुम्ही दारात बसून दुसऱ्यांच्या मिरच्यांवरच्या चिमण्या हाकलत होत्या.

त्याच पावसाळ्यात एक दिवस मी भाजी घेऊन घरी आले तर दारातच गॅसचा वास. तोवर आपल्याकडे नवी शेगडी आली होती. बटण उघडं राहिलेलं, आणि तुम्ही शेगडीपासून हातभर अंतरावर तांदूळ निवडत बसलेल्या. मी ओरडले तुमच्यावर. खिडक्या उघडल्या, तुम्हाला बाहेर ओढलं. ओट्यावर बसून तुम्ही पदराला चिकटलेले तांदूळ झटकलेत. मग म्हणालात, "मला वासच नाय येत. त्या तापापासनं. कुणाला सांगू नको. पोरं मग चुलीपाशी नाय बसू देत." त्या ओट्यावर मला सगळं एकदम कळलं. तुम्ही माझी परीक्षा घेत नव्हत्या. तुम्ही माझं नाक मागत होत्या. तेव्हाही मी शहाजिऱ्याचा विषय काढला नाही. "दवाखान्यात जाऊन येऊ," म्हणाले. डॉक्टर म्हणाले, वयाने होतं कधी कधी. दुसऱ्या वर्षी तुम्ही गेलात.

माळ्यावरची कढई मी तुमच्या वर्षश्राद्धानंतर काढली. पाच घरांचा मसाला काही मला झेपला नाही. घरापुरता करते, थोडा थोडा, मिक्सरवर. तुमच्या मुठी आणि चिमटी मी वाटी-चमच्यात बसवल्या, त्याला तीन उन्हाळे गेले. आता तर मी एकटीच, पाव किलोची बरणी चार महिने पुरते. मूठभर डाळीत चमचाभर घातला की जेवण होतं, वेगळं काही करावं लागत नाही. चव बरीचशी तुमच्याजवळ जाते. नणंदा आल्या की नेतात आणि नेताना दर वेळी थोरली म्हणते, "आईसारखा जाळत नाहीस हां तू." सगळे हसतात. तुम्ही तीस वर्षं पाच घरांना जेवू घातलंत, त्यातला तो एक रविवार राहिला. माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती. तिला तुमचं दुसरं फारसं आठवतच नाही. आजी म्हटलं की तिला कडू वांगी आठवतात.

ती आता पुण्याला नोकरी करते. मागच्या आठवड्यात फोनवर म्हणाली, "आई, मला मसाल्याचं नीट प्रमाण लिहून पाठव. सोपं. मी रविवारी पंधरा दिवसांचा करून ठेवत जाईन." मी मोठा कागद घेतला. धणे दोन वाट्या इथपासून सगळं क्रमाने लिहिलं. काळ्या जिनसांना रंगावर जाऊ नकोस, वासावर उतरव, त्या वेळी हातात दुसरं काही धरू नकोस, हेही लिहिलं. आजीची पद्धत, म्हणून लिहिलं. मग खाली तो दिवस लिहायचा असं ठरवून मी पेन हातात धरून बसले. तिने फोनवरच विचारलं होतं, "आजीने जाळला होता तसा माझा नाही ना होणार?" आणि मी हसले होते. सवयीने हसले. निदान कागदावर तरी ते दुरुस्त करावं, असं वाटत होतं.

ते पाकीट काल पोस्टात टाकलं. ती वाचेल तेव्हा तिला प्रमाण मिळेल, पद्धत मिळेल, बाकी काही मिळणार नाही. कागद भरला होता, जागाच उरली नव्हती, असं मी घरी येताना मनाशी म्हणत होते. जागा होती, आत्याबाई. अर्धं पान कोरं होतं.