दोघींच्या आयुष्यावर

॥ श्री ॥
सातारा, ता. २ मे १९७७

चि. चंद्रास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

रविवारी दुपारी कॉन्व्हेंटच्या मागच्या पायऱ्यांवर बसून आपण मोजे रफू करायचो, आठवते का? तू माझे, मी तुझे. स्वतःचेच मोजे रफू करताना फार कंटाळा येतो, हा शोध तुझा. काल पोलक्याची बाही शिवत एकटीच बसले होते आणि एकदम हसू आले. पाचगणीच्या थंडीत बोटे वाकायची नाहीत, तरी तुझे टाके माझ्यापेक्षा बारीक!

तर आता बातमी. शनिवारी मी शाळेतून निवृत्त झाले. मुली रडल्या, मी रडले नाही, घरी येऊन मात्र तासभर रडून काढला. पण खरी बातमी पुढेच आहे. वीस वर्षांपूर्वी मी आयुर्विमा घेतला, तेव्हा शिक्षिकांच्या खोलीत सगळ्या मला म्हणाल्या होत्या की बाई, ना नवरा ना मूल, तुम्ही मेल्यावर पैसे घेणार कोण? मी सांगितले होते की मी मरणारच नाही. आणि बघ, नाही मेले! मुदत भरली, आता पैसे माझे मलाच.

आमचे विमा एजंट नाथाजी पलटणीतून निवृत्त झालेले, त्यामुळे समजावतात तेही कवायतीसारखे. त्यांच्याकडून मला कळले ते असे की, विमा ज्याला लवकर मरण्याची भीती आहे त्याच्यासाठी, आणि वर्षासन ज्याला फार जगण्याची भीती आहे त्याच्यासाठी. माझी भीती दुसरी. एकरकमी घेतले तर पैसे संपतील आणि मी उरेन. वर्षासन घेतले तर ती रक्कम त्यांच्याकडे ठेवायची आणि जिवंत असेपर्यंत दरमहा ठरावीक पैसे घ्यायचे.

आता नीट वाच. हे वर्षासन दोघींच्या आयुष्यावर घेता येते! एक गेली तरी दुसरीला शेवटपर्यंत मिळत राहते. आपण दोघी असेतो निम्मे तुझे, निम्मे माझे. तुझ्या जन्मतारखेचा दाखला धाड. तीस जूनच्या आत अर्ज द्यायचा आहे.

नाही म्हणायचे नाही, हे आधीच सांगून ठेवते. लोभ आहेच, तो उत्तरात दिसू दे.
तुझी,
सुलाताई


॥ श्री ॥
सांगली, ता. ११ मे १९७७

ती. सुलाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र दोनदा वाचले, तिसऱ्यांदा हरणाबाईंना वाचून दाखवले. भावोजींच्या त्या मंडळी, नात्याने माझ्या धाकट्या जाऊबाई, तरी घरात सासूच्या जागी आहेत. त्या म्हणाल्या, मास्तरीणबाई लय हुशार हायत, पर नवऱ्याच्या माघारी बहिणीचं पैसं घ्यायचं, असं आपल्यात कुठं हाय का? मलाही तेच वाटते, ताई. वीस वर्षे पोटाला चिमटा काढून हप्ते तू भरलेस.

पण खोटे लिहिणार नाही. ‘निम्मे तुझे’ ही ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. हे गेल्याला तीन वर्षे झाली. भावोजींनी मला कधी काही कमी केले नाही. मात्र मागावे लागते. रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या की दोन दिवस मी शब्द जुळवते. ते लगेच देतात, कधी कपाळाला आठी नाही. तरीही दोन दिवस जुळवतेच. स्वतःचे म्हणून दहा रुपये माझ्या हातात कधी आले ते आठवत नाही.

पण जमणार नाही. विम्याचा डॉक्टर दंडाला पट्टा बांधील आणि मला बाद करील. शिवाय दाखला म्हणशील तर माझ्याजवळ कॉन्व्हेंटचा एकच कागद आहे. त्यात माझी जन्मतारीख तुझीच आहे. वर्ष, महिना, दिवस, सगळे. आपण जुळ्या कधी झालो, ताई?

तब्येतीला जप. रागावू नकोस, मला तुझी आहे तशी राहू दे.
तुझी,
चंद्रा


॥ श्री ॥
सातारा, ता. १७ मे १९७७

चि. चंद्रास,
अ. उ. आ. वि. वि.

अग वेडे, जुळ्या आपण १९२८ साली झालो! तू सात वर्षांची, मी नऊची. लहान मुलींची झोपायची खोली वेगळी होती. तू व्हरांड्यातला खांब धरून असे काही रडलीस की बाबांना सुचेना. रजा संपलेली, मोटार सुटायची वेळ. शेवटी आपल्या सुभेदार बाबांनी सरळ सांगून टाकले की मुली जुळ्या आहेत. सिस्टरनी आपल्या उंचीकडे पाहिले, मग बाबांच्या मिशांकडे पाहिले, आणि लिहून घेतले. रात्री खाटेला खाट लावून झोपलो आपण. बाबा आयुष्यात एवढे एकच खोटे बोलले असतील.

आता गंमत ऐक. वय जास्त तेवढे वर्षासन जास्त. म्हणजे बाबांच्या त्या कागदावर आपल्याला दरमहा थोडे अधिकच मिळतील. मला मोह झाला नाही असे नाही. पण कधीकाळी मी नसताना कोणी तो कागद खोटा ठरवला, तर टेबलापुढे तू एकटी उभी राहशील. ते मला नको. खरा दाखला शिराळ्यात, आजोळी असणार. तुझा जन्म तिथला, आणि तात्याबामामा अजून आहेत.

डॉक्टरची धास्ती सोड. डॉक्टर लागतो तो जीवनाच्या विम्याला. वर्षासनाला तुझा रक्तदाब कोणी विचारणार नाही. दवाखान्याच्या खर्चाचा विमा आपल्यासारख्यांना मिळतो का, तेही मी विचारले. कारखान्यातल्या कामगारांची सोय आहे, सैनिकांना त्यांचे इस्पितळ आहे, आपल्याला तसे काही नाही. तेव्हा दरमहाचे हे पैसे हीच आपली सोय.

आणि मी उपकार करते आहे असे समजू नकोस. रात्री जाग आली की मला वाटते, मी गेल्यावर माझी चंद्रा कोणापुढे शब्द जुळवत बसेल? माझी झोप तुझ्या सहीवर आहे. भावोजींना आजच वेगळे पत्र टाकले आहे.

धाकटी आहेस, ऐकायची सवय मोडू नकोस.
तुझी,
सुलाताई


॥ श्री ॥
सांगली, ता. ९ जून १९७७

सुलाबाई मास्तरीणबाई यांस,
रिटायर हवालदार लालासाहेब याचा रामराम. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. खरं लिवतो, आधी राग आला. आमच्या घरात वैनीला काय कमी हाय? आप्पासो दादा गेल्यापास्नं औषधपाणी, कपडालत्ता, कवा न्हाई म्हटलं न्हाई. आता भावकी म्हणंल, लालासाहेबाला भावजय जड झाली, म्हणून बहिणीनं पैसं लावून दिलं. तसं मी घरात बोललो बी.

तवा आमच्या मंडळीनं भाकरी वाढता वाढता इचारलं, की आवं, तुमाला घरात दोन्ही टायम जेवाय मिळतंय, मग दर महिन्याला इस्त्रीची कापडं घालून पेन्शनीला कशाला पळताय? आधी मास्तरीणबाईला नावं ठेवणारी बी हीच. मी भाकरी तशीच ठेवून बाहेर आलो. इचार केला. पेन्शन घेऊन येतो तवा मी रस्त्याच्या मधनं चालतो. जाताना कडंनं जातो. हे मला ठावं हाय, दुसऱ्याला कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी शिराळा गाठलं. कचेरीत जुनं रजिस्टर निघालं, पर त्यात वैनीचं नावच न्हाई. त्या काळात नाव लिवतच नव्हते. नुसतं मुलगी, आन् बापाचं नाव. त्याच वर्षी त्याच नावाच्या दोन बापांना दोन मुली! कारकून म्हणला यातली तुमची कंची ते मी कसं सांगू. मग तात्याबामामांना घेऊन परत गेलो. त्यांनी शपथेवर सांगितलं, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी नाग सोडाय गेलो हुतो, तवा वाटंतच बातमी आली. पंचांग काढून तारीख जुळवली. बरोबर बसली. सन १९२१. दाखला शिक्का मारून संगं जोडलाय. तुमी धाडलेल्या अर्जावर वैनीची सही बी घेतलीया. सही करताना वैनी रडली. आमी दुसरीकडं बघितलं.

काय कमीजास्त लिवलं आसंल तर पोटात घाला. आमच्यावर नजर असू द्या.
आपला,
लालासाहेब


॥ श्री ॥
सांगली, ता. ५ सप्टेंबर १९७७

ती. सुलाताईस,
शि. सा. न. वि. वि.

आले, ताई, आले! टपालवाल्या केरबाने दारातून हाक मारली ती माझ्या नावाने. आजवर त्याने आप्पासोंच्या नावाने मारली, भावोजींच्या नावाने मारली. मी पदराला हात पुसत गेले. तो म्हणाला की आक्का, हितं सही करा, अंगठा चालत न्हाई. मी त्याला सांगितले की बाबा, मी कॉन्व्हेंटात शिकले आहे. सही अशी काही लांबलचक केली की त्याच्या कागदाची कड ओलांडून गेली.

साठ रुपये. हरणाबाईंनी देवापुढे ठेवायला सांगितले. ठेवले, हळद वाहिली, आणि लगेच उचलले.

तुझ्या पत्रात तू लिहिले आहेस की यातून कोणाला काही देत बसू नकोस. तुझी आज्ञा मी पहिल्यांदाच मोडते आहे. कोणाला काय द्यायचे ते ठरले आहे आणि त्यात तू पडायचे नाही. हरणाबाईंना लुगडे, काठ त्यांच्या पसंतीचा, पैसे माझे. भावोजींना शिराळ्याच्या दोन खेपांचे भाडे द्यायला गेले तर फार रागावले, म्हणून त्यांना तंबाखूची पितळी डबी, ती मुकाट्याने घेतील. तात्याबामामांना पाच रुपये, मनीऑर्डरने. त्यांना दाराशी सही करू दे. केरबाला एक रुपया दिलाही. गोळ्यांचे पैसे बाजूला काढून ठेवले, कोणाला न विचारता.

मी आधी गेले तर सगळे तुझे. तू आधी गेलीस तर काय, ते वाक्य विमावाल्यांनी लिहिले आहे, मी लिहिणार नाही.

तुझ्यासाठी काय घेतले ते पत्रात सांगत नाही. गौरी गेल्या की ते घेऊन मी साताऱ्याला येते. आल्यावर जे हातात ठेवीन ते निमूट घ्यायचे, किंमत विचारायची नाही, आणि एस.टी.च्या तिकिटाचे पैसे माझ्या हातावर ठेवायचे नाहीत. ते तिकीट माझे मी काढणार आहे.

स्टँडवर ये. आणखी काय लिहू? प्रत्यक्ष भेटीत.
तुझी,
चंद्रा