नकाशातल्या चार खाटा

वाघोली,
१८ फेब्रुवारी २०२५

चि. अनिरुद्धास ताईचे अनेक आशीर्वाद.

श्रद्धाचा गुडघा कसा आहे? उगाच जिने चढू नको म्हणावं तिला. इकडे आमचं ठीक चाललं आहे. बावीसच्या बावीस मुलं रोज येतात. मुलं म्हणायची आपली सवय. सगळ्यात धाकटं एकोणतीस वर्षांचं आहे, समज मात्र सात-आठ वर्षांची. लसूण सोलायचं काम वाढलंय. मंडईतले दोन गाळेवाले आणि तुमच्या सदाशिव पेठेतल्या तीन खानावळी आता आपलाच सोललेला लसूण घेतात. इमारत नवी, रंग नवा, पण दारातून आत पाऊल टाकलं की लसणाचा वास. मागच्या आठवड्यात पाहणीला आलेल्या तुमच्या प्रतिष्ठानाच्या सलिलरावांनी नाकाला रुमाल लावला, तो गाडीत बसेपर्यंत काढला नाही.

पत्र का, असं तुला वाटेल. मी फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस. व्हॉट्सॲपवर चार ओळी लिहिल्या की तू अंगठा पाठवतोस. म्हणून कागद. लसणाचा टेम्पो घेऊन ज्ञानदेव उद्या पेठेत येतोच आहे, तो तुझ्या हातात देईल. तुझ्याच हातात द्यायला सांगितलं आहे.

तुमच्या भीमाखोरे प्रतिष्ठानाचे उपकार मी विसरलेले नाही, हे आधीच लिहून टाकते, म्हणजे मीटिंगमध्ये वाचून दाखवायला सोयीचं. पुणे आणि आसपासच्या तालुक्यांतल्या आमच्यासारख्या लहान संस्थांना इमारत बांधून देणारं दुसरं आहे कोण? पण तुमची रीत बघ. तुम्ही देणार ते फक्त बांधकामाला. जागा संस्थेच्या नावावर पाहिजे. चौथा हिस्सा आम्ही गोळा करायचा. मग जोतं झालं की एक हप्ता, स्लॅब पडला की दुसरा, गिलावा झाला की तिसरा आणि शेवटचा पाहणीनंतर. पुढे दहा वर्षं मंजूर नकाशात असेल तोच वापर. पगाराला एक रुपया नाही. भिंतीपुढे उभं राहून फोटो काढता येतो, मुलांना आंघोळ घालणाऱ्या बाईच्या पगाराचा फोटो येत नाही, हे मला कळतं. तीस वर्षं संस्था चालवते आहे, एवढं न कळायला मी काय काल आले?

हे सगळं चालवून घेतलं असतं. पण सोमवारी तुमचं पत्र आलं. ‘वरच्या मजल्यावर मंजूर नकाशाबाहेरील निवासी वापर आढळला. पंधरा दिवसांत खाट हलवावी, अन्यथा अंतिम हप्ता रोखण्यात येईल.’ खाली पाहणी समितीतर्फे सही. तुझी.

अनिरुद्ध, तू ही सही केलीसच कशी? पेन चाललं तरी कसं?

कोणाची खाट आहे ते तुला माहीत आहे. भैरूची. वय त्रेचाळीस. ज्या चार गुंठ्यांवर तुमची इमारत उभी आहे, ते त्याच्या आईचे, सोजरबाईचे. रस्त्याला लागून जागा. तिचा पुतण्या महिपती बिल्डर घेऊन आला होता. त्या पैशात बाई उरलेलं आयुष्य बसून खाती. तिने बिल्डरला चहा पाजून वाटेला लावलं आणि जागा आपल्या संस्थेला बक्षीसपत्राने दिली.

फुकट दिली असं सगळे म्हणतात. फुकट नव्हती. रजिस्ट्रारच्या कचेरीत बाकावर बसल्यावर तिने मला एकच गोष्ट विचारली होती. “ताई, म्या गेल्यावर ह्यो कुठं निजंल?” मी म्हटलं, इथेच. वरच्या खोलीत, खिडकीजवळची खाट त्याची, कायमची. तिने मान हलवली आणि अंगठा उठवला.

आता तू डोळे मिटून आठव. त्याच्या आठवडाभर आधी तुझ्याच घरी, जेवणाच्या टेबलावर मी नकाशा पसरला होता. श्रद्धाने कोथिंबीर वड्या केल्या होत्या, त्यांचा तेलाचा डाग अजून आहे त्यावर. वरच्या मजल्यावर चार खाटा काढलेल्या होत्या. ज्यांच्या मागे कोणी उरणार नाही, अशांसाठी. तू पेन्सिल घेतलीस आणि चारही खाटांवर फुल्या मारल्यास. “ताई, निवासी म्हटलं की प्रतिष्ठान हात लावत नाही. रात्रीचा माणूस ठेवा, रात्रीची जबाबदारी घ्या, कोणाला पाहिजे ती कटकट? आत्ता खाटा काढ. इमारत उभी राहू दे, मग बघू.” आणि समासात आपल्या सुंदर अक्षरात लिहिलंस, ‘मग बघू.’

मी खाटा काढल्या. नवा नकाशा करून घेतला, वरच्या खोलीला बहुउद्देशीय सभागृह असं नाव दिलं. सोजरबाईला खिडकीजवळची खाट कबूल केली, तेव्हा तो बिनखाटांचा नकाशा माझ्या पिशवीत होता. हे मी या महिन्यापर्यंत कोणाला सांगितलं नव्हतं. तुलाही नाही. तुझ्या ‘मग बघू’वर मी एका आईचा अंगठा घेतला.

आणखी एक आहे, तेही लिहून टाकते.

उद्घाटनाच्या दिवशी दारातली संगमरवरी पाटी आठवते? तुमचे सगळे विश्वस्त, सगळे देणगीदार. सोजरबाईचं नाव नाही. मी सलिलरावांना विचारलं तर म्हणाले, “अहो, जागा ही आमची अट असते, देणगी नव्हे.” वा! करोडभराची जमीन अट, आणि दोन पंखे देणारे दानशूर. मी तिथे भांडायला हवं होतं. पण शेवटचा हप्ता यायचा होता, मी गप्प बसले. कार्यक्रम संपल्यावर सोजरबाई पाटीपाशी आली. वाचता येत नव्हतं तिला. “माजं नाव कुठं हाय?” म्हणाली. मला तिच्या तोंडाकडे बघून नाही म्हणवेना. मी एका ओळीवर बोट ठेवलं. ती ओळ तुझी होती.

तेव्हापासून दर सोमवारी ती भैरूला सोडायला आली की आधी पाटीपाशी जायची आणि पदराने ती ओळ पुसायची. दीड वर्षं ती बाई तुझं नाव पुसत होती, अनिरुद्ध. आणि मी आतून बघत होते.

गेली ती. एकोणतीस जानेवारीला, दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. हे तुला फोनवर सांगणार होते, पण तू मीटिंगमध्ये होतास. दहाव्याला मी गेले. महिपती माझ्याशी भांडेल असं वाटलं होतं. भांडला नाही. भैरूला हाताला धरून माझ्यापुढे आणून उभा केला, सगळ्या भावकीदेखत. “ताई, जागा घेतली न्हवं? मग आता माणूस बी घ्या.”

तीस वर्षांत माझ्या तोंडावर कोणी इतकं खरं बोललं नव्हतं.

मी तिथेच, सगळ्यांसमोर सांगितलं. नकाशातून खाटा काढल्या होत्या, सोजरबाईला ते सांगितलं नव्हतं, पाटीवर तिचं नाव नाही. महिपती एवढंच म्हणाला, “मग आता काय करताय ते बोला.” मी भैरूला घेऊन आले. त्याने घरून फक्त स्वतःची चादर आणली. खिडकीजवळ खाट टाकली, तर खाटेवर हात थोपटून म्हणाला, “ही माजी हाय.” आईने सांगून ठेवलं होतं त्याला. रोज सांगत असणार.

तुमच्या नकाशात नसलेला रात्रीचा माणूस सध्या मी आहे. त्रेसष्टाव्या वर्षी सभागृहात सतरंजी घालून झोपते. तुमच्या दहा वर्षांच्या अटीत माझी कंबर बसते का ते बघ.

गुरुवारी तुमच्या विश्वस्तांची बैठक आहे, आणि सलिलराव हा विषय घेणार आहेत, हे मला कळलं आहे. या पाकिटात तो पहिला नकाशा घालते आहे. चार खाटा, चार फुल्या, समासात तुझं अक्षर. आयुष्यात पहिल्यांदा झेरॉक्स न काढता कागद हातचा सोडते आहे. तू तो फाडलास तर माझ्याकडे पुरावा नाही, आणि मी कोणाला काही सांगायलाही जाणार नाही. टेबलावर ठेवलास तर सलिलराव विचारतील हे अक्षर कोणाचं, आणि तुला तोंड उघडावं लागेल. मला भावकीपुढे उघडावं लागलं, तू तर सुशिक्षित माणसांत बसणार आहेस.

हप्ता रोखायचा तर रोखा. कंत्राटदाराचं मी बघून घेईन, बांगड्या आहेत अजून. नियमाचा मला राग नाही रे. नियम तुम्ही कागदावर तरी लिहिलाय. ज्याने पेन्सिलीने वाट दाखवली, त्यानेच पेनाने ती बंद करावी, याचा राग आहे. आणि त्या पेन्सिलीमागे मी निमूट गेले याचा त्याहून जास्त.

सोबत पाव किलो लसूण आहे, श्रद्धाला दे. भैरूने सोललाय. एकाही पाकळीला नख लागलेलं नाही, बघून घे.

पाटीला मी हात लावलेला नाही. पुसणारी गेल्यापासून तुझ्या नावावर धूळ बसते आहे. गुरुवारनंतर ये आणि ती तूच पूस, किंवा तिथे खरं नाव घालून घे. खाट तिथून हलणार नाही.

भैरूची रात्रपाळी करणारी,
तुझीच थोरली बहीण
तनुजा