शातबा आज बंद आहे

सोमवार, ४ मार्च

गाइडचं लायसन्स आलं. तिसऱ्या प्रयत्नात. पहिल्या दोन वेळी परीक्षक मला समजून घ्यायला कमी पडले. लायसन्सवरच्या फोटोत मी करारी दिसतो. जीझाला दाखवला. ती म्हणाली, नार्डू, शिंक येत होती का रे तुला?

बायकोला विनोद कळतो, प्रसंग कळत नाही.

तीस वर्षं फेरीबोटीच्या तिकीटखिडकीत बसलो. आमच्या या गोझो बेटावर उतरणारा प्रत्येक पाहुणा पाहिला. कुणाला काय हवंय ते मला चेहऱ्यावरून कळतं. बहुतेकांना आधी संडास हवा असतो. त्यानंतर इतिहास. तो मी देणार. एका वेळी एकच पार्टी, माझी गाडी, अख्खा दिवस, अख्खं बेट.

उद्यापासून रोज अर्धा तास फ्रेंच. पोट कमी करायचं. आणि मुख्य म्हणजे कुणाबद्दल, कुठल्याही गावाबद्दल वाईट बोलायचं नाही. गाइड तटस्थ असतो.

शुक्रवार, ८ मार्च

रूट आखला. बंदर, दगडी देवळं, मिठागरं, द्वेय्राचे कडे, किल्ला, परत बंदर. झकास. मिठागरांपासून द्वेय्राला जाणारा सरळ रस्ता शातबा गावातून जातो. सहा मिनिटं लागतात. तो घेतला नाही. डोंगरामागून वळसा घालून नेणार. पस्तीस मिनिटं, पण निसर्ग.

शातबाचा रस्ता खराब आहे हे एकच कारण.

जीझा म्हणाली, एकोणीस वर्षांत तू तिकडे पाऊल टाकलेलं नाहीस, तुला काय माहीत रस्ता कसा आहे?

काही रस्ते खराबच राहतात. माझा शातबाशी काही वाद नाही, हे इथे लिहून ठेवतो.

रविवार, १० मार्च

वाद नाही हे पुन्हा वाचलं. खरंच नाही. फक्त वस्तुस्थिती नोंदवतो.

आमच्या बिरवेन गावच्या बँडमध्ये मी पहिला क्लॅरिनेट. धाकटा भाऊ वेन्झु दुसरा. उत्सव आठ दिवसांवर आलेला असताना वेन्झुने बँडमास्तरांना सांगितलं, नार्डू नुसती बोटं हलवतो, फुंकत नाही. मी फुंकत होतो. हळू फुंकत होतो. त्याला नजाकत म्हणतात. मग मी बँड सोडला. स्वतःहून, बँडमास्तरांनी सांगितल्यावर लगेच.

पुढे वेन्झुने लग्न केलं ते शातबाच्या मुलीशी, आणि वाजवायला लागला शातबाच्या बँडमध्ये. ज्या गावाने आमची मिरवणूक चालू असताना मुद्दाम आपले फटाके उडवले, त्या गावाच्या!

तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नाही, इतकंच. याला वाद म्हणत नाहीत. वाद घालायला बोलावं लागतं.

शनिवार, २३ मार्च

टूरची रंगीत तालीम. जीझाला मागच्या सीटवर बसवलं. म्हटलं, तू पाहुणी. ती म्हणाली, मग पाहुणीला कॉफी दे.

देवळांपाशी इतिहास सांगितला. पंचेचाळीस मिनिटं, एकही मुद्दा न गाळता. शेवटी मागे वळून पाहिलं तर तिचे डोळे मिटलेले. तल्लीन झाली होती. घोरण्याचा आवाज बहुधा लाटांचा असावा. जाग आल्यावर म्हणाली, छान होतं, संपलं का?

फ्रेंच सोमवारपासून.

बुधवार, १७ एप्रिल

बुकिंग नाही. सीझन अजून सुरू व्हायचाय.

गुरुवार, २ मे

सीझन सुरू झाला. यंदाचे पर्यटक खालच्या दर्जाचे आहेत. बसने फिरतात.

गुरुवार, ९ मे

बुकिंग! मादाम ओदील व्हर्वेट. बेल्जियम. वय एकाहत्तर. एकटी येणार, अख्खा दिवस, शनिवार अठरा. माझ्या पत्रकातल्या फ्रेंच भाषेमुळेच. जीझा म्हणते, पत्रकात तू 'शांत बेट' ऐवजी 'मृत बेट' छापलंयस. असेल. पण लक्ष वेधून घेतलं ना?

फ्रेंचचे एकूण चार शब्द झाले. त्यातले दोन नमस्काराचे.

शनिवार, १८ मे, सकाळी ६.१०

गाडी धुतली, पुसली. शर्ट कडक इस्त्रीचा. पोट आहे तिथेच आहे, पण शर्ट सैल घेतलाय. जीझाने फतीरा बांधून दिला, पावात टूना आणि केपर्स भरून. तिने आणलेल्या पावाला तोड नाही. बिरवेनची बेकरी ती बिरवेनची बेकरी.

९.२०, बंदर

मादाम आली. बुटकी, चपळ, मोठी टोपी. मी बॉन्जूर म्हणालो. ती बराच वेळ काहीतरी म्हणाली. मी पुन्हा बॉन्जूर म्हणालो. मग आम्ही इंग्रजीवर आलो.

कळलं ते असं, की ती तिच्या गावच्या बँडमध्ये युफोनियम वाजवते. कडेवर घेतलेल्या मुलाएवढं ते पितळी वाद्य. इथे आली ती बँड ऐकायला. मी म्हणालो, मग तुम्ही नेमक्या माणसाकडे आलात. मी स्वतः पहिला क्लॅरिनेट. तिने टाळ्या वाजवल्या. बंदरावरची दोन माणसं वळून बघायला लागली.

मग तिने वही काढली. म्हणाली, शातबात शनिवारी सकाळी तालीम असते ना? आधी तिकडेच जाऊ या.

कसं तोंडातून निघालं माहीत नाही. म्हणालो, शातबा आज बंद आहे.

ती म्हणाली, गाव बंद?

म्हटलं, पूर्ण.

ती म्हणाली, कमाल आहे, आमच्याकडे फक्त दुकानं बंद असतात.

१०.४५, देवळं

इतिहास रंगात आला होता. तेराव्या मिनिटाला मादाम दिसेना. ती सावलीत बसून सफरचंद खात होती. मला म्हणाली, तुम्ही चालू ठेवा, इथूनही ऐकू येतंय.

ऐकू येतंय म्हणजे आवडतंय.

११.५०, मिठागरं

चेत्ता म्हातारी मीठ गोळा करत होती. मादामने तिला विचारलं, शातबा का बंद असतं हो? चेत्ता म्हणाली, शातबा? बंद? अगं, सकाळपासून ठोंब्यांनी पोंपों करून माझं डोकं उठवलंय! वारा पडू दे, इथवर ऐकू येईल.

वारा पडला. ऐकू आलं.

मादामने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, कड्यांमधून वारा असाच वाजतो.

ती म्हणाली, वारा सुरात आहे.

१२.३०

डोंगरामागचा रस्ता खोदून ठेवलाय. लाल झेंडीवाला म्हणाला, शातबातून जा. मी म्हटलं, माझ्यासोबत परदेशी पाहुणी आहे, तो रस्ता चालणार नाही. तो म्हणाला, अहो, पाहुणी असेल तर तोच घ्या, गेल्या वर्षीच नवाकोरा केलाय. लोण्यासारखा!

मी शेतातल्या वाटेला गाडी घातली. ती वाट शेळ्यांच्या गोठ्यात संपते. रिव्हर्स. दुसरी वाट. तीही त्याच गोठ्यात संपते, पण मागच्या बाजूने. शेळ्यांनी ओळखलं. मादाम मागे काहीतरी गुणगुणते आहे. इंजिनच्या काट्याने लाल पट्टा गाठलाय. काटा बिघडलेला असावा.

१.०५

काटा बिघडलेला नव्हता.

शातबा. दुसरी वाटच उरली नव्हती. भर चौक. गाडी बंद. बॉनेटमधून वाफ. आणि थांबली कुठे, तर बँडच्या हॉलच्या थेट पायऱ्यांपुढे. मादाम उतरून आतसुद्धा गेली. मी सीटखाली वाकून लिहितोय. गाइडने गाडी सोडायची नसते.

१.१०

कुणीतरी बॉनेटवर टकटक करतंय.

संध्याकाळी ६.३०, घरी

सगळं नीट क्रमाने लिहितो.

टकटक करणारा वेन्झु होता. केस पांढरे झालेत. पोट माझ्यापेक्षा मोठं, हे बरं वाटलं. एकोणीस वर्षांनी माझा सख्खा भाऊ माझ्याशी पहिलं वाक्य बोलला. काय, तर रेडिएटरचं झाकण उघडू नकोस, भाजशील.

मी उघडणार नव्हतोच. त्याने सांगितल्यामुळे उघडावं लागलं.

दोन बोटं भाजली. त्याने माझी कॉलर धरली आणि चौकातल्या नळाखाली नेऊन हात पाण्यात धरला. लहानपणी मी त्याला असाच धरायचो, गुडघे फुटले की. मग तो म्हणाला, आमचं गाव बंद आहे म्हणे?

मी म्हणालो, दुपारनंतर उघडतं असं ऐकलं होतं.

तो नाकातून फुसकन हसला. अजून तसाच हसतो. माझी नजर पाण्यावरच होती. डोळ्यांत वाफ गेली असावी.

तेवढ्यात समोरच्या बेकरीतून बाई ओरडली, अगं बाई, हा तर जीझाचा नवरा! मग मला म्हणाली, काय हो, आवडतो ना आमचा पाव? मंगळवार-शुक्रवार न चुकता नेते ती, एकोणीस वर्षं झाली.

यावर जीझाशी बोलायचं आहे.

आत गेलो. नाइलाज होता, पाहुणी आत होती. वीसेक माणसं, मधे मादाम, मांडीवर कुणाचं तरी युफोनियम, जन्मल्यापासून तिथेच राहत असल्यासारखी. मला बघून तिने सगळ्यांना सांगितलं, हे मुस्यू नार्डू, पहिला क्लॅरिनेट!

सगळ्यांनी वेन्झुकडे पाहिलं. वेन्झुने छताकडे पाहिलं.

त्याला एक वाक्य बोलायचा अवकाश होता. मी ते वाक्य ऐकायला पाय रोवून उभा राहिलो. तो म्हणाला, हो, आमच्या घरात क्लॅरिनेट आधी यानेच आणलं.

एवढंच म्हणाला.

मी म्हणालो, आज वाजवलं असतं, पण हात भाजलाय. मादाम म्हणाली, दोनच बोटं ना? आठ उरली की.

मग मात्र माघार नाही. भिंतीवरच्या काचेच्या कपाटात एक देखणं क्लॅरिनेट होतं, चांदीच्या चाव्यांचं. तेच काढलं. वेन्झु म्हणाला, नार्डू, अरे थांब, त्याला... मी हात वर केला. म्हटलं, एकोणीस वर्षांपूर्वी खूप बोललास, आता ऐक. त्याने आपली खुर्ची उचलली, माझ्या मागे आणून ठेवली आणि स्वतःचं क्लॅरिनेट घेऊन बसला.

आम्ही वाजवलं. काय वाजलं! मी इतका चांगला आहे हे मीच विसरलो होतो. सराव नाही, हात भाजलेला, तरी सूर कसा भरदार, थेट छताला जाऊन लागत होता. नजाकत होतीच. मधेच मादाम वाजवायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते. किंवा ती हसू दाबत होती. परदेशी चेहरे कळायला कठीण.

मग सशाचं कालवण आणि वाइन. कुणी मला उठूच देईना.

उरलेली टूर वेन्झुच्या व्हॅनमधून झाली. कड्यांवर मी इतिहास सांगितला, मादामने मान डोलावली. वेन्झुने आमच्या काकांच्या शेळीने पाद्रीबाबांची टोपी खाल्ली ती गोष्ट सांगितली, मादाम कठड्याला धरून हसली. ही गोष्ट रूटमध्ये नव्हती.

बंदरावर तिने माझा हात हातात घेतला, न भाजलेला. म्हणाली, बंद गाव, खोदलेला रस्ता, शेळ्या, बरोबर हॉलसमोर गाडी बंद! मुस्यू, इतकी सुंदर गंमत माझ्यासाठी कुणी रचली नव्हती.

मी म्हणालो, अनुभवाने जमतं.

जीझाला पावाबद्दल विचारलं. ती म्हणाली, तुला आवडतो ना? मग झालं तर.

विषय संपला.

सोमवार, ३ जून

गाडी दुरुस्त होऊन आली. बुकिंग नाही. मादाम सगळ्या मैत्रिणींना सांगणार होती. बेल्जियमची माणसं विचार करून निर्णय घेतात.

वेन्झुचा फोन नाही. मीही केलेला नाही. आधी त्याने करायला हवा. तो धाकटा आहे.

बुधवार, १९ जून

बेल्जियमहून पार्सल. मला वाटलं, मेडल वगैरे. चपटी डबी निघाली. आत क्लॅरिनेटच्या दहा रीड. तोंडाशी लावायच्या त्या वेताच्या पातळ पट्ट्या, ज्या नसल्या तर क्लॅरिनेटमधून फक्त वारा येतो.

सोबत चिठ्ठी. प्रिय मुस्यू नार्डू, त्या दिवशी तुमच्या क्लॅरिनेटला एकही नव्हती. तुम्ही शेवटपर्यंत वाजवलंत. इतकी आनंदाने फुगलेली गालफडं मी आयुष्यात पाहिली नाहीत. तुमच्या भावाला माझा नमस्कार सांगा, तो फार गोड वाजवतो.

चिठ्ठी चार वेळा वाचली. पोस्टात कुठे पानं बदलली नाहीत ना ते पाहिलं. बदलली नव्हती.

जीझाला वेन्झुचा नंबर विचारला. तिने तोंडपाठ सांगितला.

फोन लावला. विचारलं, त्या दिवशी क्लॅरिनेट कोण वाजवत होतं?

तो म्हणाला, आपण दोघं.

मी म्हणालो, माझ्याला रीड नव्हती.

तो म्हणाला, माहीत आहे.

त्याच्या मागे कुणीतरी ढोल जुळवत होतं. मग तो म्हणाला, उत्सव आलाय तोंडावर, आता मंगळवारीही तालीम असते, सातला. तिसऱ्या क्लॅरिनेटची खुर्ची रिकामी आहे. जमेल का?

मी म्हणालो, असं एकदम कसं सांगू, सीझन आहे, बुकिंगं असतात. डायरी बघून कळवतो.

डायरी बघितली. मंगळवारी काही नाही. सोमवारीही नाही. तसं डिसेंबरपर्यंत काही नाही.